तायडे मॅडमची झाकणं

तमाम बुलडाणा शहर आणि पंचक्रोशीतील नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, ज्या कोणी आजवर काहीही उघडले असेल, मग तो डबा असो, दार असो, नळ असो, छत्री असो की भावकीतला वाद असो, त्याने हातातले काम टाकून ते प्रथम बंद करावे. आतले आधी, बाहेरचे नंतर. कसूर करणाऱ्याची गय केली जाणार नाही. हुकमावरून, तायडे मॅडम.

असा जाहीरनामा मॅडमनी प्रत्यक्षात कधी काढला नाही, हे आधीच सांगून टाकतो. काढला असता तर रिक्षावर भोंगा बांधावा लागला असता, आणि भोंगा नीट बंद झाला की नाही या काळजीने त्यांचा डोळा लागला नसता. पण मनातल्या मनात हा जाहीरनामा त्या रोज वाचत असत, याबद्दल मला शंका नाही. पहिल्याच दिवशी तो माझ्यावर बजावण्यात आला.

माझा बुलडाण्यात फोटो स्टुडिओ आहे आणि शेजारच्या गाळ्यात फ्लेक्स छापायचं काम. वय असं की नवीन काही शिकायला निघालो तर बायको आधी कपाळाला हात लावून ताप पाहते. तरी एक्सएमएल नावाची, कॉम्प्युटरला माहिती नीट समजेल अशी लिहिण्याची पद्धत शिकायला मी मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासचा जिना चढलो आणि आत शिरलो. "दार," मॅडम म्हणाल्या. मी दार लावलं. "कडी." कडी लावली. खुर्चीत बसलो, पिशवीतून बाटली काढून दोन घोट पाणी प्यालो आणि बाटली टेबलावर ठेवली. मॅडमचं बोलणं मध्येच थांबलं. त्या बाटलीच्या तोंडाकडे अशा पाहत होत्या की जणू त्यातून आता नाग निघणार. मी घाईघाईने झाकण लावलं.

"हं," त्या सुटकेचा श्वास टाकून म्हणाल्या, "तुमचं अर्धं एक्सएमएल शिकून झालं."

अंगाने काटकुळ्या, कपाळावर कायमची एक आठी, आणि खांद्याला पर्स. त्या पर्सची चेन लागली आहे ना हे त्या बोलता बोलता बोटांनी चाचपत राहायच्या. संध्याकाळी क्लासला कुलूप लावून जिना उतरायच्या, निम्म्या वाटेवरून परत वर जायच्या, कुलूप ओढून पाहायच्या. खालचा चहावाला ओरडून सांगायचा, "मॅडम, लागलं हाये. मी पाह्यलं." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "तुमी पाह्यलं. मी नाई पाह्यलं ना." वर्गात त्या शाळामास्तरी मराठी बोलायच्या, पण जीव घाबरा झाला की वऱ्हाडी सुटायची. आणि जीव तर त्यांचा दिवसातून बऱ्याचदा घाबरा व्हायचा.

"उघडं राह्यलं की त्यात काय जाऊन पडन, सांगता येत नाई, मिलिंदभाऊ," असं त्या नेहमी म्हणत. बहुतेकदा त्यात काही पडत नसे. पण त्यांचं लक्ष त्या न पडलेल्या गोष्टीकडेच असायचं.

मी त्यांच्याकडे का गेलो, तेही सांगतो. आमच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा दरवर्षी बुलडाण्यात होतो. माहिती तीन दिशांनी येते. बुलडाण्याची मंडळी, धाडकडची मंडळी आणि पिंपळगाव राजाची मंडळी. कोणी बायोडाटा टाईप करून देतो, कोणी मोबाईलवर कागदाचा वाकडा फोटो धाडतो, कोणी रकान्यांचा तक्ता. आदल्या वर्षी त्या तक्त्यातला एक रकाना घसरला आणि देऊळघाटच्या एका मुलीचं शिक्षण पाच फूट दोन इंच छापून आलं. उंची होती बी. ए. त्यातून ते तक्ते ज्या विकतच्या प्रोग्रॅममध्ये भरले होते, त्याला रास आणि नाडी हवीच होती. आमच्याकडे पत्रिका पाहत नाहीत. पण रकाना रिकामा ठेवला की प्रोग्रॅम पुढे सरकेना. कोणीतरी वैतागून सगळ्यांच्या नावापुढे 'नाही' टाकलं, आणि अख्ख्या समाजाची 'नाडी : नाही' अशी पुस्तिका निघाली. डॉक्टर लोक फार हसले.

तेव्हा समितीने ठरवलं की यंदा माहिती पडद्यावर दाखवायची, आणि ती बिनचूक असेल अशी व्यवस्था तायडे मॅडमनी करायची. पडदा, प्रोजेक्टर आणि लॅपटॉप माझा. मॅडम म्हणाल्या, मिलिंदभाऊंनाही थोडं यायला पाहिजे, ऐनवेळी मला काही झालं तर. ऐनवेळी आपल्याला काहीतरी होणार, हे त्यांनी गृहीतच धरलेलं असायचं.

शिकवणं सुरू झालं ते स्टीलच्या डब्यांनी. एकात एक बसणारे झाकणाचे डबे त्यांनी कपाटातून काढले. एक उघडून माझ्यापुढे धरला. "यात काय आहे?" मी म्हटलं, साखर. "चाखा." मीठ होतं. मी तोंड वाकडं केलं.

"तुमाले निदान जीभ हाये," मॅडम म्हणाल्या. "कॉम्प्युटरले ते बी नाई. त्याच्यासाठी उंचीही अक्षरं अन् शिक्षणही अक्षरं. म्हणून डब्यावर चिठ्ठी लावायची. माहिती गावाला निघाली की तिच्या गळ्यात तिचं नाव पाहिजे. मग ती धाडला जावो नाहीतर पिंपळगावला, उघडणाऱ्याला विचारावं लागत नाही की बाई तू कोण."

आणि फळ्यावर लिहिलं :

<वधू>
<नाव>सीमा</नाव>
<शिक्षण>बी. ए.</शिक्षण>
</वधू>

"टोकदार कंसात नाव लिहिलं की डबा उघडला. तेच नाव तिरपी रेघ देऊन पुन्हा लिहिलं की झाकण लागलं. मधे जे आहे ते त्या डब्यातलं. याला म्हणतात टॅग. आता सांगा, आधी कोणतं झाकण लावाल, वधूचं की शिक्षणाचं?"

मी म्हटलं, काय फरक पडतो.

मॅडमनी शांतपणे मोठा डबा माझ्यापुढे ठेवला, त्यात लहान डबा उघडाच ठेवला, आणि मोठ्याचं झाकण मला लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, "आता आतलं लावा." मी पाहत राहिलो. पुढे त्यांनी बजावलं ते अजून माझ्या कानात आहे. "आधी आतलं, मग बाहेरचं. अन् सगळ्यांच्या बाहेर एकच मोठा डबा. एक जरी झाकण राह्यलं ना, तं हे यंत्र पूर्ण फाईल परत करते. अंदाज करत नाई ते. माणूस अंदाज करते."

मी फ्लेक्सवाला. मी विचारलं, यात नाव लाल आणि ठळक कसं करायचं? त्या हसल्या. वर्षातून दोन-चारदा हसत, त्यातलं ते एक. "ते एचटीएमएल, वेबसाईटचं. ते सांगतं, हे कसं दिसावं. म्हणजे तुमचा धंदा. हे सांगतं, हे काय आहे."

मग त्यांनी मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगितली. या डब्यांची नावं कुठून विकत आणायची नसतात. आपणच ठेवायची. रास नाही? तो डबा ठेवूच नका. कोणाचं शिवणकामाचं दुकान आहे? तसा डबा करा. "रकाने आधी अन् माणूस नंतर, असं नाई करायचं," मॅडम म्हणाल्या. "माणूस पाहायचा, अन् त्याचे डबे करायचे." हे बोलताना त्यांची बोटं पर्सच्या चेनवर नव्हती, हे माझ्या लक्षात आलं. त्याचं कारण नंतर कळलं.

कारण होतं उज्ज्वला. मॅडमची धाकटी बहीण. नवरा अपघातात गेला तेव्हा तिची मुलगी तन्वी रांगत होती. आता तन्वी पहिलीत होती, आणि उज्ज्वला आयुष्यात पहिल्यांदाच मेळाव्याला नाव द्यायला तयार झाली होती. एका अटीवर. ती मॅडमना म्हणाली होती, "ताई, तन्वीचं लपवून मले कोणी नको. यावेळी नाई झालं तं पुन्हा मले म्हनू नको." बहीण पुन्हा तयार होणार नाही, हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे जे काही व्हायचं ते याच मेळाव्यात.

समितीचे अध्यक्ष होते हिवाळे गुरुजी. हायस्कूलमधून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक. आवाज असा खणखणीत की पहिल्या बाकावरची मुलं दचकून पाठ म्हणायची. माणूस सज्जन. उज्ज्वलाची नोंद पाहून त्यांनी चष्मा काढला. वधूच्या डब्यात मॅडमनी एक नवा डबा केला होता : <मुलगी>. त्यात तन्वीचं नाव, तन्वीचं वय.

"बाई," गुरुजी म्हणाले, "आपल्या पुस्तिकेत असा रकाना आजवर नव्हता."

"म्हणूनच केला, गुरुजी."

"आपला हेतू शुद्ध आहे. परंतु लोकांना आधी पसंती तर करू द्या. अपत्याचे नंतर सांगता येईल. लेकरू समोर दिसलं की मंडळी पुढचं ऐकतच नाहीत."

मॅडमनी मान हलवली. ती होकाराची नव्हती. शेवटी तडजोड झाली ती अशी. नोंद राहील, पण सगळ्या वधूंच्या शेवटी. आणि तन्वी त्या दिवशी हॉलमध्ये दिसणार नाही. आजीबरोबर बाहेर बसेल. उज्ज्वलाने खाली मान घालून हो म्हटलं. मॅडमनी फळ्याच्या खडूचा डबा उगाच दोनदा बंद केला.

मॅडम आता बुलडाण्यात नाहीत. क्लास उठवून त्या धाडला राहायला गेल्या. बाजाराच्या दिवशी मी तिकडे गेलो की भेटतात. जीपचं दार लागलंय का ते बाहेरून ढकलून पाहतात आणि मगच मला निघू देतात. पण मला त्या आठवतात त्या मेळाव्याच्या सकाळच्या.

आदल्या दिवशी मॅडमनी फाईल पेनड्राईव्हवर घालून गुरुजींना दिली होती. एकदा नजरेखालून घाला, एवढंच सांगून. सकाळी हॉल भरला. दुहेरी दाराबाहेर चपलांचा ढीग लागला. त्या ढिगाशेजारी पायरीवर तन्वी आजीला टेकून बसली होती. पहिल्या रांगेत धाडची एक आजी येऊन बसली. पांढरं पातळ, मांडीवर कापडी पिशवी, शेजारी तिचा मुलगा. मुलगा विधुर, मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवायचा, आणि शर्टाच्या खिशात टेस्टर तसाच राहिला होता. आजीने आल्या आल्या सगळ्या रांगेला सांगितलं की चपला नव्या आहेत, काळजी वाटत होती, पण बाहेर एक पोट्टी म्हणाली, मी तन्वी, मी पाहते तुमच्या चपला, तुमी बसा आत. "लय गुणाची हाये," असं म्हणून आजी पाय सैल सोडून बसली.

त्रिसरण, पंचशील झालं. पडद्यासाठी अंधार हवा म्हणून कोणीतरी दुहेरी दार ओढून घेतलं. मी मॅडमकडे पाहिलं. त्या दाराकडेच पाहत होत्या. बंद दार पाहून त्यांना चैन पडलं नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पेनड्राईव्ह लावला. लॅपटॉपला फाईल उघडायला सांगितली. पडद्यावर सुंदर चौकटीत पहिल्या मुलीचा फोटो यायचा होता. आली एक लाल ओळ. तिचा अर्थ असा, की मी शेवटपर्यंत आलो, पण आत 'वय' उघडं राहिलं आहे, पुढे काही दाखवणार नाही.

"कोनाचं वय उघडं राह्यलं?" मॅडमचा आवाज चिरकला. मी फाईल नुसत्या मजकुरासारखी उघडली आणि दोघांनीही पाहिलं. वधूंच्या सगळ्या नोंदींतली झाकणं गायब होती. डबे सगळे होते, एकावर एक, उघडे.

गुरुजी माझ्या मागे उभे होते. चेहऱ्यावर कर्तव्य केल्याचं समाधान. "रात्र मोडली, परंतु वधूंचा विभाग स्वच्छ केला," ते म्हणाले. "प्रत्येक ठिकाणी तोच शब्द दोनदा आला होता. नाव, पुन्हा नाव. वय, पुन्हा वय. पुनरुक्ती हा दोष आहे, बाई. अडतीस वर्षं मी तो मुलांच्या निबंधातून काढत आलो. वरांचा विभाग मात्र राहिला, क्षमस्व."

वरांचा विभाग राहिला हे आमचं नशीब. मॅडम खुर्चीत बसल्या. "गुरुजी," त्या पुटपुटल्या, "तुमी माह्या सगळ्या पोरींची झाकणं काढली." मग एकदम त्यांनी शेवटची नोंद शोधली. तिथे शेवटचा उघडा डबा होता तन्वीच्या वयाचा, आणि यंत्राच्या मते त्यापुढचे सगळे नवरदेव त्याच डब्यात पडले होते. पण मॅडम ते पाहत नव्हत्या. त्यांचं बोट एकच शब्द शोधत होतं. मुलगी. तो गुरुजींनी काढला होता की ठेवला होता?

होता.

गुरुजींना ते समजलं. ते जरा दुखावल्यासारखे झाले. "मी पुनरुक्ती काढली, बाई," ते हळूच म्हणाले. "माणूस नाही काढला."

मूळ प्रत होती, अर्थातच. तायडे मॅडमकडे प्रत नसेल का? ती क्लासच्या कॉम्प्युटरमध्ये होती, आणि त्या गल्लीत सकाळपासून लाईट नव्हती. इकडे हॉलमध्ये चुळबूळ वाढली. मागे बसलेले पिंपळगाव राजाचे लोक जेवणाची चौकशी करू लागले. पहिल्या रांगेतून धाडची आजी म्हणाली, "हे सिनेमा कधी चालू होते बाप्पा? माह्यी जीप निंगून जाईन." उज्ज्वला तिसऱ्या रांगेत ओढणीला पीळ घालत बसली होती. तिच्याकडे न पाहता मॅडम म्हणाल्या, "जाऊन राह्यले हो लोकं. हिची पाळी तं शेवटी हाये. तोवर कोन बसन?" त्यांनी पहिलं झाकण लावायला घेतलं. घाईत त्यांच्या बोटांना कळफलकावरचं एक अक्षर सापडेना.

मी म्हटलं, "मॅडम, आधी आतलं, मग बाहेरचं. तुम्ही सांगा, मी टाईप करतो. अन् लोकांना असंच दाखवू. कच्चं."

"पण वाचन कोन?"

गुरुजींनी घसा साफ केला.

मग जे झालं ते बुलडाण्यात त्याआधी झालं नव्हतं. पडद्यावर टोकदार कंस, मी एकेक झाकण लावतोय, मॅडम माझ्या खांद्यावरून सांगतायत, आणि गुरुजी माईकसमोर वाचतायत. रात्री गाळलेल्या एकेका शब्दाची भरपाई म्हणून की काय, त्यांनी आता काहीही गाळायचं नाही असं ठरवलं होतं. "वधू सुरू. नाव सुरू. सीमा. नाव बंद. शिक्षण सुरू. बी. ए. शिक्षण बंद. वधू बंद." त्या खणखणीत आवाजात ते पाढ्यासारखं लागत गेलं. आधी लोक हसले. मग पोरंटोरं गुरुजींबरोबर 'बंद' म्हणू लागली. मग मागचे लोकही. जेवणाची चौकशी थांबली. एकदा मी घाईत शिक्षणाआधी वधूचं झाकण लावलं, तर पाठीमागून पिंपळगाव राजाचा एक गृहस्थ म्हणाला, "अहो, शिक्षण उघडं राह्यलं तिचं." मॅडमनी मागे वळून त्याच्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिलं की तो लाजला.

आणि शेवटची नोंद आली. मॅडमनी माझा खांदा इतका घट्ट धरला की कळ आली.

"वधू सुरू," गुरुजी म्हणाले. "नाव सुरू. उज्ज्वला. नाव बंद. शिक्षण सुरू. डी. एड. शिक्षण बंद. विवाह सुरू. पतीचे निधन. विवाह बंद."

इथे ते थांबले. पुढचा शब्द त्यांच्यासमोर पडद्यावर होता. नंतर सांगता येईल, असं ज्याबद्दल ते म्हणाले होते, तो शब्द.   उज्ज्वलाने ओढणी सोडून दिली आणि मान वर केली.

गुरुजींनी चष्मा नीट केला. आवाज मुद्दाम चढवला, परीक्षेच्या दिवशी चढवायचे तसा.

"मुलगी सुरू," ते म्हणाले. "नाव सुरू. तन्वी. नाव बंद. वय सुरू. सहा. वय बंद. मुलगी बंद." मी शेवटचं झाकण लावलं. "वधू बंद."

यावेळी 'बंद' म्हणायला कोणी साथ दिली नाही. मागे दोन खुर्च्या सरकल्या. कोणीतरी कोणाच्या तरी कानात काही बोललं. मॅडमची बोटं पर्सच्या चेनकडे गेली आणि ती लागलेली चेन त्यांनी पुन्हा ओढली.

पहिल्या रांगेत धाडची आजी मात्र कपाळाला आठ्या घालून, ओठ हलवून काहीतरी जुळवत होती. मुलाने तिचा हात दाबला, गप्प राहा म्हणून. तिने तो झटकला, पिशवी छातीशी धरून उभी राहिली, आणि पडद्याकडे, मग गुरुजींकडे, मग त्या ओढून घेतलेल्या दुहेरी दाराकडे पाहत सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली, "तन्वी म्हंजे माह्या चपला सांभाळून राह्यली तेच पोट्टी ना? तुमच्या त्या पडद्यावर लेकरू मायच्या आत हाये, मंग खरंखुरं लेकरू बाहेर उन्हात काऊन बसवलं बे?"